ब्राऊन माल्टने आमची केलेली फजिती आणि मग जमलेला स्टाउट

आम्ही चौघं घरी बिअर करतो. पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, करून करून कंटाळा आला होता, म्हणून ठरलं की आता काहीतरी जुनं करायचं, म्हणजे खरंच जुनं, लंडनमधे स्टाउट, म्हणजे आजची ती काळी बिअर, पहिल्यांदा लोकांच्या तोंडी बसला तेव्हाचं. आमच्यातला एकजण ब्रुअरीच्या जुन्या नोंदी वाचत बसतो, त्याला आम्ही पंडित म्हणतो. त्याने आल्या आल्याच ज्ञान दिलं की स्टाउट म्हणजे मुळात नुसतं तगडं, कडक, रंगाशी त्याचा काही संबंधच नव्हता, फिकट स्टाउटसुद्धा असायचा. मग १८व्या शतकात पोर्टर नावाची काळपट बिअर जोरात चालायला लागली, त्यातल्या कडकवाल्याला स्टाउट पोर्टर म्हणायला लागले आणि हळूहळू पोर्टर हा शब्द गळून गेला.

तर पहिला प्रयत्न. पंडितचं म्हणणं, हायड्रोमीटरच्या, म्हणजे घनता मोजायच्या उपकरणाच्या, आधीच्या काळातला करू, सगळाच्या सगळा ब्राऊन माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली), दुसरं काही नाही. आम्ही हो म्हटलं, कारण तो वास! पोतं उघडलं की कुणालाही हो म्हणावंसंच वाटेल. एक दाणा चावून बघितला तर आधी कोरड्या बिस्किटासारखी चव, मग मागून कॉफीचा कडवटपणा, आणि जीभ अशी कोरडी पडते की पाणीच प्यावं लागतं.

मॅश लावला, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात घातला, ६७ अंशावर एक तास ठेवला. चाखला तर गोडच नाही! आणखी अर्धा तास ठेवला. बशीत थोडा मॅश घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर शाईसारखा काळानिळा, म्हणजे स्टार्च जसाच्या तसा. दोन तासांनीही तेच. आठ किलो माल्टची भाजकी पेज झाली होती आणि चौघं त्या भांड्याभोवती तोंड पाडून उभे.

नंतर कळलं ते आधी वाचायला हवं होतं. त्या काळचा ब्राऊन माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवायचे, आणि त्यात स्टार्चची साखर करण्याइतकी एन्झाइम शिल्लक राहायची. आज ब्राऊन माल्ट म्हणून मिळतो तो ड्रममधे भाजलेला, त्यातली एन्झाइम पार मेलेली. नाव तेच राहिलं आणि आतला माल बदलला, रेसिपीच्या कागदावर हे कुठे लिहिलेलं नसतं. पंडितला पुढचे दोन आठवडे आम्ही काही बोलू दिलं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही शंभर वर्षं पुढे सरकलो, १८५० च्या आसपासचा लंडन पद्धतीचा डबल स्टाउट. ह्याच्यामागची गोष्ट मला बिअरपेक्षा जास्त आवडली. १७८० च्या दशकात जॉन रिचर्डसनने ब्रुअर लोकांना हायड्रोमीटरची सवय लावली आणि त्यांच्या लक्षात आलं की ब्राऊन माल्ट दिसायला स्वस्त, पण त्यातून साखरेचा उतारा कमी पडतो, पेल माल्ट महाग असून शेवटी परवडतो. मग सगळे पेलकडे वळले, पण गिऱ्हाइकाला तर काळी बिअर हवी! मग जळकी साखर वगैरे घालून रंग आणायचे धंदे सुरू झाले. १८१६ मधे ब्रिटिश सरकारने असले रंग बंद केले, आणि लगेच १८१७ मधे डॅनियल व्हीलरने कॉफी भाजतात तसल्या ड्रममधे माल्ट काळाकुट्ट भाजायचं पेटंट घेतलं. झालं, तिथून स्टाउटचा काळा रंग थोड्याशा ब्लॅक माल्टवर आला.

आमचं गणित २० लिटरला असं बसलं: ६.८ किलो पेल, १.२ किलो ब्राऊन, ३०० ग्रॅम ब्लॅक. बस. इथे आमच्या इंजिनियरचं बिनसलं. त्याचं म्हणणं, रोस्टेड बार्ली नाही तर तो स्टाउट कसला? अरे बाबा, तेव्हा कर माल्टवर होता, मोड न आणलेली बार्ली घालणं म्हणजे कर बुडवणं, तिथे १८८० पर्यंत त्याला बंदीच होती. हे ऐकून तो गप्प बसला असं नाही, पण वजन करायला लागला.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, १५० ग्रॅम फगल जातीचे, तेही जवळजवळ सगळे उकळीच्या सुरुवातीलाच. नोंदीत ह्याहून जास्त असायचे, पण आमची हिंमत झाली नाही. आयोडीनचा थेंब ह्यावेळी पिवळट तपकिरीच राहिला, तेव्हा जो आरडाओरडा झाला तो शेजारच्यांनी नक्की ऐकला असणार. ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०७९. राहिलेल्या चोथ्यावर परत गरम पाणी घालून एक हलकी बिअरपण काढली, जुने लोक एकाच मॅशमधून दोन-तीन बिअर काढायचे तसं. ती खरं सांगायचं तर पाणचट झाली, पण उन्हात काम करून आल्यावर बरी वाटते.

रात्री दोन वाजता फर्मेंटरचं, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याचं, झाकण उडालं. एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी छोटी झडप, लावला होता, जाड नळी लावायला हवी होती, एवढ्या कडक वर्टला, म्हणजे माल्टच्या गोड पाण्याला, फेस किती येतो ह्याचा अंदाजच नव्हता. छतावर तपकिरी ठिपके अजून आहेत. कुणीतरी लगेच लंडनच्या १८१४ च्या पुराची आठवण काढली, १७ ऑक्टोबरला म्यू कंपनीच्या ब्रुअरीतली पोर्टरची प्रचंड टाकी फुटली होती ती. त्यात आठ माणसं गेली, बायका आणि लहान मुलंच बहुतेक. ते ऐकल्यावर विनोद तिथेच थांबला आणि आम्ही मुकाट्याने फरशी पुसली.

आंबून ग्रॅव्हिटी १.०२२ वर येऊन थांबली, म्हणजे अल्कोहोल साधारण साडेसात टक्के. तीन आठवड्यांनी चाखला तर नुसता कडू आणि राखेसारखा, तोंड वाकडं झालं सगळ्यांचं. पाच महिन्यांनी तोच स्टाउट वेगळाच! कडवटपणा खाली बसलाय, मधे काळ्या चॉकलेटसारखं काहीतरी, आणि शेवटी ब्राऊन माल्टचा तो कोरडेपणा, जो हल्लीच्या स्टाउटमधे मला कधीच मिळाला नाही. इंजिनियरने दुसरा ग्लास स्वतःहून भरून घेतला, बोलला काही नाही.

पाच लिटर मात्र वेगळा काढून ठेवलाय. जुन्या लंडनमधे हा माल महिनोन् महिने मोठाल्या लाकडी टाक्यांत मुरत ठेवायचे आणि तिथे एक जंगली यीस्ट आपलं काम करायचं. कार्ल्सबर्गच्या क्लॉसनने १९०४ मधे इंग्लिश बिअरमधल्या त्या यीस्टबद्दल सांगितलं आणि नाव दिलं ब्रेटॅनोमायसिस. ते आम्ही मुद्दाम घातलंय. काचेच्या बरणीत वर पांढरी सुरकुतलेली साय धरलीये, मधे मधे बुडबुडे. पंडित म्हणतो वर्षभर हात लावायचा नाही. माल्टच्या बाबतीत त्याचं ऐकून काय झालं ते माहितीये, तरी ह्यावेळी ऐकतोय. बरणीवर तारीख लिहून चिकटपट्टी लावलीये, आणि येता जाता फक्त झाकणाजवळ नाक नेऊन बघतो.