पेटीवादक यंत्र : बोटांनंतर आता भाता

साडेतीन सप्तकांच्या, 42 पट्ट्यांच्या पेटीवर बसवलेल्या यंत्राची बोटांची बाजू आता पूर्ण झाली असून, मिडी फाइलमधला (स्वर आणि त्यांच्या वेळा नोंदवणाऱ्या संगणकीय फाइलमधला) प्रत्येक स्वर नेमक्या पट्टीवर आणि वेळेवर पडू लागला आहे. लगतच्या दोन स्वरांमधले अंतर पट्टी दाबणाऱ्या सॉलेनॉइडच्या (वीज दिली की दांडा आत ओढणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) जाडीपेक्षा कमी असल्यामुळे सगळे सॉलेनॉइड एका ओळीत मावत नव्हते. ते मागेपुढे अशा रांगांत बसवले आणि प्रत्येकाच्या टोकाला फेल्टची चकती चिकटवली, त्यामुळे टकटक पुष्कळ कमी झाली.

खरा प्रश्न उष्णतेचा होता. अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठातील शिमॉन हा यंत्रमानव मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर आघात करून मोकळा होतो. पेटीत मात्र स्वर जितका वेळ हवा तितका वेळ पट्टी दाबून धरावी लागते आणि षड्ज लांबवला की सॉलेनॉइड हात लावू नये इतका तापतो. सॉलेनॉइडचा दांडा एकदा आत ओढला गेला की त्याला तिथे धरून ठेवायला फारच थोडी वीज लागते, याचा फायदा घेता येतो. प्रचलित उपाय पीडब्ल्यूएमचा, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून तिचा सरासरी जोर कमी करण्याचा. परंतु अर्डुइनो या नियंत्रक बोर्डाची त्यासाठीची मूळ वारंवारता 490 हर्ट्झ आहे आणि पांढरी सात 494 हर्ट्झच्या आसपास बोलते. परिणामी सॉलेनॉइडची गुणगुण त्या पट्टीच्या किंचित खाली लागून, दोन्ही मिळून सेकंदाला सुमारे चार हेलकावे ऐकू येत. तानपुरा बिघडल्यासारखा हा प्रकार कानाला असह्य होता. म्हणून पीडब्ल्यूएम सोडून दिले आणि सर्व सॉलेनॉइडना एरवी 5 व्होल्ट देणारी सामाईक वाहिनी ठेवली. नवा स्वर आला की एक मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) तिला सुमारे 40 मिलिसेकंद 12 व्होल्टवर नेतो. धरून ठेवताना होणारी उष्णता त्यामुळे जवळपास एक षष्ठांशावर आली. द्रुत तानांत वाहिनी बराच वेळ 12 व्होल्टवरच राहते, पण तिथे कोणतीही एक पट्टी फार वेळ दाबलेली नसते.

एवढे होऊनही वादन निर्जीवच वाटते, आणि त्याचे कारण भात्यात आहे. अनेक देवळांत आरतीच्या वेळी नगारा, झांज आणि घंटा वाजवणारे विजेचे यंत्र असते; त्याचा प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा असतो आणि आरतीला ते शोभतेही. पेटीवर तशी समानता चालत नाही, कारण पट्टी जोरात दाबली काय किंवा हळू, आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो तो हवेच्या दाबावर. फ्रेंच यंत्रकार जाक द व्होकांसाँ यांनी 1738 मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेल्या बासरीवादक यंत्रात नऊ भाते तीन गटांत विभागून तीन वेगवेगळे दाब मिळवले होते. लाकडी बोटांइतकेच लक्ष त्यांनी श्वासाकडे दिले होते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सध्या भात्याला गाडीच्या वायपरची मोटर आणि भुजा जोडलेली आहे. आतल्या भात्याला पारदर्शक नळी जोडून ती इंग्रजी यू अक्षरासारखी वळवली आणि तिच्यात रंगीत पाणी भरले, म्हणजे दाब डोळ्यांना दिसतो. वादकाने हाताने भाता मारला की पाणी समेच्या किंचित आधी चढते आणि ओळीच्या शेवटी सावकाश उतरते. मोटर चालू असताना मात्र ते जवळपास एकाच पातळीवर डुलत राहते. शिवाय दाब कमी असला की खर्जाचे सूर उशिरा बोलू लागतात, तेव्हा त्या पट्ट्यांना आज्ञा थोडी आधी पाठवावी लागते आणि ही आगाऊ वेळ दाबानुसार बदलावी लागते.

मिडीमध्ये दोन क्रमांकाचा कंट्रोलर (वादनातले चढउतार कळवणारा संदेश) मुळातच श्वासासाठी राखलेला आहे. मोटरचा वेग त्यालाच जोडला आहे. पुढच्या टप्प्यात याच नळीच्या जागी दाबमापक संवेदक लावून, एखाद्या जाणत्या संवादिनीवादकाकडून विलंबित आणि द्रुत अशा दोन्ही लयींतल्या बंदिशी वाजवून घेऊन, त्यांच्या भात्याचा आलेख नोंदवायचा आहे. वायपरच्या मोटरमधील गिअरचा घरघराट मंद वादनात पेटीच्या वर ऐकू येतो. त्याऐवजी शांत चालणारी, पण अशीच ताकद असलेली मोटर कोणी वापरली असेल तर तिचा प्रकार आणि जोडणी अवश्य कळवावी.