वर्षाचं काम करणारी प्रिया

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा डब्याचे, छडीचे, सहलीचे किस्से बाकीचे लिहितीलच असं वाटलं, म्हणून मी टीव्ही सिरियलमधली नटी प्रिया मराठे हिच्याबद्दल लिहितोय. ती आपल्या शाळेची नव्हती, माझी तिची ओळखही नव्हती. पण ती ठाण्याची, जन्म २३ एप्रिल १९८७ चा, म्हणजे आमच्याच बॅचच्या वयाची. ३१ ऑगस्ट २०२५ ला ती गेली, रविवार होता, घरोघरी गौरी यायचा दिवस. कॅन्सर. वय फक्त ३८. आमच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून गौरीच्या सजावटीचे फोटो येत होते आणि मधेच ती बातमी आली आणि मग बराच वेळ कोणी काहीच टाकलं नाही.

मी गेली बरीच वर्षं सिरियलचं एडिटिंग करतो. तिची एकही सिरियल माझ्या टेबलावर आली नाही, पण या धंद्यात राहिल्यामुळे ती काय करत होती हे मला जरा जवळून कळतं आणि तेच सांगायचंय. डेली सोपमध्ये कोणी एक वाक्य बोललं की घरातल्या पाच-सहा जणांचे क्लोजअप लावावे लागतात, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर म्युझिक. ज्याला नुसते डोळे मोठे करता येतात त्याचा शॉट दोन सेकंदांत कापावा लागतो, नाहीतर खोटेपणा दिसतो. आणि एखादी नटी अशी असते की तिच्या चेहऱ्यावर थांबलं की आधी राग दिसतो, मग तो राग ती गिळते, मग काहीतरी ठरवते, आणि एडिटरला कापावंसंच वाटत नाही. प्रिया तसली नटी होती. 'पवित्र रिश्ता'तली तिची वर्षा बघा. २००९ ला झी टीव्हीवर सुरू झालेली सिरियल, हिंदी असली तरी घरं सगळी मराठी, हिरॉइन अर्चना म्हणजे अंकिता लोखंडे, तिची आई सविता प्रभुणे, सासू उषा नाडकर्णी, आणि धाकटी बहीण वर्षा म्हणजे प्रिया. आपल्याला मूल नाही, बहिणीला आहे, हे जे आत आत कुरतडत जातं ते तिने असं दाखवलं होतं की माझी आई मेथी निवडता निवडता वर्षाला शिव्या घालायची आणि पाच मिनिटांनी म्हणायची, "पण बिचारीचं तरी काय चुकलं."

हे "बिचारीचं तरी काय चुकलं" लोकांच्या तोंडून काढणं सगळ्यात अवघड असतं. आणि ते मला पहिल्यांदा कळलं ते याच शाळेत. नववीत असताना मराठीच्या बाई आंतरशालेय स्पर्धेचं नाटक बसवत होत्या, सगळ्यांना शेतकऱ्याचा मुलगा व्हायचं होतं आणि सावकार माझ्या वाट्याला आला. मी आपला आवाज चढवून, मिशीला पीळ देऊन सुरू. बाईंनी सगळं थांबवलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून आणलेलं तांब्याचं घंगाळ माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, काही बोलू नकोस, हे गहाण आलंय, याच्या काठावरून नुसतं बोट फिरव आणि कुठे चेपलंय का बघ, त्याला त्याचे पैसे बुडायची भीती वाटते एवढंच लक्षात ठेव. नाटकाला नंबर आला नाही, पण आज एडिटला बसलो की मी अजूनही चेहऱ्यात ती भीती शोधतो.

प्रियाने सुरुवात मराठीतून केली, 'या सुखांनो या', मग 'चार दिवस सासूचे', मग हिंदीत 'कसम से'. 'पवित्र रिश्ता'नंतर 'बडे अच्छे लगते हैं', 'साथ निभाना साथिया' अशी हिंदी कामं, आणि इकडे २०१२ ला झी मराठीवर 'तू तिथे मी', त्यात चिन्मय मांडलेकर आणि मृणाल दुसानीसच्या संसारात बिब्बा घालणारी प्रिया मोहिते. 'स्वराज्यरक्षक संभाजी'मध्ये ती गोदावरी होती, आणि त्याच सिरियलमध्ये तिचा नवरा शंतनू मोघे शिवाजी महाराजांच्या भूमिकेत. शंतनू हा ज्येष्ठ नट श्रीकांत मोघेंचा मुलगा, म्हणजे ती त्यांची सून. बघा, एवढ्या लांबलचक यादीत हिरॉइन म्हणून पोस्टरच्या मधोमध ती फारशी नाहीच. पण डेली सोप रोज पुढे ढकलतो कोण, तर ही वाईट ठरवलेली बाईच. हिरॉइन सोसत असते, घडवून आणते ती दुसरी. तिच्याशिवाय उद्याचा एपिसोडच नाही.

स्टार प्रवाहच्या 'तुझेच मी गीत गात आहे'मध्ये ती मोनिका होती आणि २०२३ मध्ये तब्येतीमुळे तिने ती सिरियल सोडली. या धंद्यातलं हे मला कायम कठोर वाटत आलंय, की भूमिका थांबत नाही. नाव तेच, घर तेच, नवरा तोच, चेहरा दुसरा. नव्या नटीचाही यात काही दोष नसतो, तेजस्विनी लोणारीने ते काम मनापासून केलं. पण सिरियल सोडून गेलेलं माणूस कुठल्या अवस्थेत आहे हे बघायला कोणाकडे वेळ नसतो, तेरा-तेरा तासांच्या शिफ्ट, रात्री शूट झालेलं दुसऱ्या दिवशी टेलिकास्टला, आम्ही एडिटवालेही त्यातच. आणि जुने एपिसोड नंतर कोण बघतं? सिनेमा राहतो, तो लोक पुन्हा लावतात, पण रोजच्या सिरियलमधलं दहा-दहा वर्षांचं काम कोण परत बघणार. त्याच 'पवित्र रिश्ता'तला मानव, सुशांतसिंह राजपूत, २०२० मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला, त्याचे सिनेमे तरी मागे आहेत. प्रियाचं जे आहे ते बहुतेक सगळं या हजारो एपिसोडमध्ये विखुरलंय, म्हणून म्हणतो, कुठे दिसली तर वर्षाचे दहा-पंधरा एपिसोड तरी सलग बघा, तिचा संवाद नसताना तिच्याकडे बघा.

आमच्या बॅचने पैसे जमवलेत. यंदाच्या स्नेहसंमेलनापासून एकांकिकेत मुख्य नसलेल्या भूमिकेला वेगळं बक्षीस द्यायचं असं मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, आणि जमलं तर दिवाळीच्या सुट्टीत दोन शनिवार मी कॅमेरा घेऊन येईन, मुलांना त्यांचे स्वतःचेच क्लोजअप पडद्यावर दाखवायला. ज्यांना यायचंय त्यांनी नाटकाच्या बाईंकडे नाव द्यावं, सावकार आणि सावत्र आई करायला तयार असणाऱ्यांना आधी घेऊ.