पिवळा कोट काचेवर काळा का येतो

इंग्लंडच्या किनाऱ्यावरून, दिवाळे कोळीवाड्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या ठाणे-बेलापूरच्या मंडळींसाठी.

इथे समुद्रात कुणी अडकलं की आरएनएलआय (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) ही 1824 सालची धर्मादाय संस्था बोट काढते. बोटीवरचे बहुतेक बिनपगारी. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. जॅक लो या छायाचित्रकाराने 2015 पासून त्यांची 238 बचाव-ठाणी, फिल्मऐवजी काचेवर फोटो काढून, टिपायला घेतली, जुन्या ॲम्ब्युलन्समध्ये डार्करूम थाटून.

पद्धत 1851 ची, ओल्या कोलोडियनची, म्हणजे ईथर असलेल्या चिकट द्रावणाची. काच चोख पुसायची. तेलकट बोट लागलं तर तिथला थर सुटतो. कोलोडियन मधोमध ओतून चारी कोपऱ्यांना खेळवायचं, उरलेलं बाटलीत परत. थर चिकट झाला की तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये, त्यानं काच प्रकाश टिपायला लागते. पुढे डेव्हलप होईपर्यंतचं सगळं साधारण दहा मिनिटांत, कारण वाळलेली काच कामाची नाही. म्हणून माणूस आधी उभा करा, फोकस लावा, मगच ओता.

खरी गंमत रंगांची. या काचेला निळा आणि अतिनील प्रकाशच दिसतो. क्रूचे पिवळेधमक कोट जवळजवळ काळे येतात, गोऱ्या गालांवरचे पुसट ठिपके ठळक होतात, निळे डोळे पांढुरके. लाइट मीटरवर विसंबू नका. दुपार कलली की डोळ्याला ऊन तेवढंच वाटतं, काचेला मात्र अंधारून येतं. एक्स्पोजर काही सेकंदांचं. पापणी लवली तर चालतं, मान हलली की चेहरा गेला; पाठ दाराला टेकवून उभं करा. कॅमेरा आणि कॉक्सवेन (आपला तांडेलच) दोघेही तरंगत्या धक्क्यावर असतील तर माणूस स्पष्ट येतो, मागचा किनारा फरफटतो. जॅकेटवरची अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका, पारदर्शक काच मागून पाहिली की सुलटतात.

आपल्याकडे अडचण उन्हाची. कोलोडियनमधलं ईथर 35 अंशांच्या आसपासच उकळतं. एप्रिलात थर कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच आळतो आणि रेघोट्या पडतात. डेव्हलपरही (चित्र उमटवणारं रसायन) बेभान धावतो, काचेवर धुरकटपणा येतो; त्यात ॲसेटिक ॲसिड थोडं वाढवा. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीची सकाळ गाठा. ईथर भडकतं, म्हणून गाडीत चहाचा स्टोव्हही नको. सिल्व्हर नायट्रेटला गॉगल हवाच, डोळा जाऊ शकतो. खाडीच्या पाण्याचे हात त्यात बुडवलेत तर पांढरा साका बसतो.

इथे पेजर वाजला की तयार काच तशीच सोडावी लागते. दिवाळ्यात जाल तेव्हा भरती कधी ते तांडेलाला आधी विचारा.