ब्रेकची काळी भुकटी आणि गोव्याची खारी हवा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर प्रत्येक अंगणात गाडी धुतली जाते. बॉनेट लखलखते, काचा पुसून होतात, झेंडूच्या माळा ओवल्या जातात. पुढच्या दोन चाकांवरचा काळपट-तपकिरी थर मात्र बहुतेक गाड्यांवर तसाच राहतो. तो रस्त्याचाच मळ आहे असे समजून मीही अनेक वर्षे तो भांड्यांच्या तारेच्या घासणीने खरवडत आलो. थर काही पूर्ण निघाला नाही, पण माझ्या पहिल्या गाडीच्या अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) चाकांवरचे लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, तेवढे कायमचे ओरखडून गेले.

आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ जांभ्या दगडाची, तांबडी असते आणि पाणी व शाम्पू लागताच ती बहुतांशी सुटते. चाकांवरचा तो काळपट थर मात्र ब्रेकच्या भुकटीचा असतो आणि ती निराळी आहे. ब्रेक दाबल्यावर पॅड चाकासोबत फिरणाऱ्या बिडाच्या डिस्कवर आवळले जातात आणि दोन्ही थोडेथोडे झिजतात. त्या झिजेतून उडणारे लोखंडाचे अतिसूक्ष्म, तापलेले कण रिमवरच्या पारदर्शक लॅकरला चिकटतात, हवेतला ओलावा मिळताच गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे लॅकरमध्ये अधिकच रुतून बसतात. म्हणूनच हा थर घासून काढण्याचा नसून विरघळवून काढण्याचा आहे, हे मला फार उशिरा कळले. पुढची चाके अधिक काळी होतात याचेही कारण साधे आहे. गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या ब्रेकवर अधिक काम पडते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि त्यांची भुकटी बरीचशी ड्रमच्या आतच राहते.

गोव्यात या भुकटीला खाऱ्या हवेची साथ मिळते. खडी उडून रिमच्या कडेला बारीकसा टवका गेला, की तेथून मिठाचा ओलावा लॅकरखाली शिरतो आणि ॲल्युमिनियमवर गांडुळासारख्या नागमोडी पांढऱ्या रेषा पसरू लागतात. एकदा त्या उमटल्या की कोणतेही क्लीनर उपयोगी पडत नाही. रिम खरवडून पुन्हा रंगवावाच लागतो. त्यामुळे मिरामार, दोना पावला किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या भागात राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा चाकांवर नुसते गोडे पाणी मारावे, असे मी आग्रहाने सांगेन. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीजवळच्या) विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर या कामासाठी नळाचेच पाणी घ्यावे.

धुण्याआधी चाके पूर्ण थंड झालेली असावीत. चोर्ला घाट उतरून साखळीत पोहोचेपर्यंत डिस्क इतक्या तापलेल्या असतात, की त्यांवर एकदम गार पाणी पडल्यास त्या वाकण्याचा धोका असतो. शिवाय गरम रिमवर क्लीनर तत्काळ सुकून डाग पडतात. मी सकाळी, गाडी सावलीत असताना, चाकांपासून सुरुवात करतो, म्हणजे त्यांचे घाण शिंतोडे धुतलेल्या पत्र्यावर उडत नाहीत. चाकांची बादली आणि ब्रशही मी वेगळे ठेवतो. त्यात साचणारे वाळूचे कण रंगावर गेले तर ओरखडे ठरलेलेच.

प्रथम भरपूर पाणी मारून आणि साध्या शाम्पूने सुटी घाण काढून टाकतो. कोरडी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवणे मी कटाक्षाने टाळतो, कारण ती श्वासातून आत जाते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या, वाहनांच्या प्रदूषणाविषयीच्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही मर्यादा घातली आहे, यावरून हा विषय केवळ चाकांच्या चकाकीपुरता नाही हे लक्षात यावे. त्यानंतर लोखंडाचे कण विरघळवणारे आयर्न रिमूव्हर एका वेळी एकाच चाकावर फवारतो. त्यातला थायोग्लायकोलेट हा घटक लोखंडाशी संयोग पावला की द्रव जांभळा होतो आणि रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यामुळे हातमोजे घालून उघड्यावरच हे काम करावे. बाटलीवर दिलेल्या वेळेपुरते थांबून, द्रव सुकण्याच्या आत, मऊ ब्रशने आऱ्यांच्या मागची बाजू आणि नटांच्या खाचा साफ करतो व भरपूर पाण्याने धुतो. जुना थर असेल तर हेच पुन्हा करावे, पण ब्रशवरचा जोर वाढवू नये. डांबराचे ठिपके याने जात नाहीत. त्यांचे द्रावण वेगळे मिळते.

तीव्र आम्लाच्या वाटेला कोणी जाऊ नये. एका वॉशिंग सेंटरमध्ये माझ्या चाकांवर असा द्रव मारला गेला होता. पाच मिनिटांत ती नव्यासारखी दिसली, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत लॅकर दुधाळ झाले. काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्लही असते, जे त्वचेतून आत शिरून गंभीर इजा करते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली विकत घेऊ नये.

स्वच्छ, कोरड्या रिमवर मेणाचा किंवा सीलंटचा हात दिला की पुढची भुकटी त्या थरावर बसते आणि पुढच्या वेळी बरीचशी शाम्पूनेच निघते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मी तो नेमाने देतो. डिस्कवर मात्र मेण किंवा टायरचे पॉलिश मुळीच लागू देऊ नये, कारण त्याने ब्रेकची पकड जाते. बेळगावहून परतताना ब्रेक कमी लावावे लागावेत म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सवयही मी लावून घेतली आहे, आणि तेव्हापासून पुढची चाके पूर्वीइतकी काळवंडत नाहीत.

चाके धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करून ठेवली, तर आपल्या दमट हवेत काही तासांतच डिस्कवर पिवळसर गंज चढतो. तो वरवरचा असतो आणि चार-पाच वेळा ब्रेक लावताच निघून जातो, पण गाडी ओल्या ब्रेकनिशी दिवसेंदिवस उभी ठेवणे बरे नाही. म्हणून बादली आवरली की मी कवळ्याच्या देवळापर्यंत सावकाश एक फेरी मारतो आणि मागे वाहन नाही असे पाहून वाटेत काही वेळा हलकेच ब्रेक दाबतो. पहिल्या एक-दोन वेळा किंचित खरखर ऐकू येते, मग ती थांबते, आणि घरी पोहोचेपर्यंत डिस्क कोरड्या झालेल्या असतात.