टर्बिड म्हणजे डर्टी नव्हे

इंग्रजी निबंधात सांडपाण्याची नागनदीही डर्टी आणि पावसाळ्यातली गढूळ कन्हान नदीही डर्टी! शाळेत पाण्याला आपल्याकडे एवढंच एक विशेषण होतं. शाळेच्या या स्मरणिकेत आठवणी बाकीचे लिहितीलच. पाणी तपासणीच्या कामात रोज लागणारा इंग्रजी शब्द मी इथे देतो: टर्बिड (turbid), म्हणजे गढूळ.

लॅटिनमध्ये टर्बा म्हणजे गर्दी, गलबला. डिस्टर्ब आणि ट्रबल त्याच कुळातले. पाण्यात कणांची गर्दी झाली की ते टर्बिड, मग ते घाण असो वा नसो. गाळलेला कोरा चहा गडद असतो, पण कपाचा तळ दिसतो. तो टर्बिड नव्हे. स्वच्छ पाण्यात दुधाचे चार थेंब टाका, ते टर्बिड. मडी (muddy) म्हणायला चिखल लागतो. मर्कीत (murky) अंधार असतो, म्हणून संशयास्पद व्यवहारही मर्की. टर्बिड मात्र रिपोर्टातला शब्द. नळाला 'गढूय पानी' आलं तर शेजाऱ्याला मडीच सांगावं, टर्बिड म्हटलं तर उगाच भाव खाल्ल्यासारखं वाटतं.

नाम टर्बिडिटी, एकक एनटीयू (नेफेलोमेट्रिक टर्बिडिटी युनिट). नमुन्याच्या कुपीतून प्रकाश सोडून 90 अंशांत किती विखुरला ते यंत्र मोजतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500:2012 या भारतीय मानकात मर्यादा 1 एनटीयू. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालतं. नमुना ठेवून दिला तर कण तळाशी बसतात नि आकडा खोटा उतरतो. जोरात हलवून लगेच लावला तर बुडबुड्यांनी फुगतो, कुपीवरच्या बोटांच्या ठशांनीही फुगतो. म्हणून हळूच उलटसुलट करायची, बुडबुडे जाऊ द्यायचे, कुपी पुसायची. (फुगलेल्याला टर्जिड (turgid) म्हणतात, मध्ये बी नाही, जी. पाण्याने टरारलेली पेशी टर्जिड, शब्दबंबाळ लेखनही टर्जिड. पेपरात हमखास चुकतं ते इथे.)

टर्बिड पाणी निवळायला तुरटी किती घालायची हे अंदाजाने ठरत नाही, वेगवेगळे डोस बीकरांत करून बघावे लागतात. 10 ग्रॅम तुरटी विरघळवून 1 लिटर द्रावण करायचं. त्याचा 1 मिली 1 लिटर पाण्यात म्हणजे 10 मिलिग्रॅमचा डोस. सहा बीकरांत 1 ते 6 मिली. एक मिनिट जोरात ढवळायचं, पंधरा मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास हात लावायचा नाही. सावकाश ढवळताना घाई केली तर जमलेले पुंजके फुटतात. डोस वाढवला की पाणी जास्त स्वच्छ होतं, हाही गैरसमजच. मातीच्या कणांवर ऋण भार असतो; तुरटी जास्त झाली तर तो धन होतो, कण पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि शेवटचा बीकर मधल्यापेक्षा टर्बिड दिसतो.

टर्बिडचा विरुद्धार्थी शब्द लिम्पिड (limpid). मराठीत निवळ. मडक्याच्या आतल्या अंगाला जिचं बी घासून पाणी स्वच्छ करत, त्या झाडाचं नावच निवळी.