ईएल३४ चे सॉकेट बोर्डावरून चॅसीवर: नोंद तिसरी

माझ्या ट्यूबच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्पमधली खरखर अखेर सापडली. अ‍ॅम्प सुरू केला की पंधरा-वीस मिनिटं सगळं झकास, मग तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चुरचुर आवाज. मागच्या वेळी मी ट्यूबवर खापर फोडलं होतं. त्या बदलून झाल्या, आवाज होता तिथेच. या वेळी अ‍ॅम्प तापू दिला आणि कोरड्या लाकडी काडीने एकेक सॉकेटला (ट्यूब ज्यात खोचतात त्या बैठकीला) टिचक्या मारत गेलो. दुसऱ्या ईएल३४ च्या (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या मोठ्या ट्यूबच्या) बुडाशी टिचकी बसली आणि आवाज निम्म्यावर आला.

प्लग काढला, कॅपॅसिटर रिकामे केले. (मीटरवर जवळजवळ शून्य दिसेपर्यंत हात आत घालायचा नाही. साडेचारशे व्होल्ट थट्टा करत नाहीत.) बोर्ड (पीसीबी, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या छापलेली पाटी) उलटा करून भिंग लावलं, तर दोन्ही हीटर पिनांभोवती (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या पिना) सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर. वरून जोड चकचकीत, पण चिमट्याने हलवलं की पिन डुलते आणि सोल्डर जागच्या जागी.

या अ‍ॅम्पमध्ये सॉकेट थेट बोर्डावर झाळलेले आहेत, चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) नुसतं भोक. ट्यूब काढताना आपण ती डुलवत ओढतो, तो सगळा जोर सोल्डरवर आणि तांब्याच्या पातळ पट्टीवर येतो. त्यात बोर्ड एकपदरी, म्हणजे भोकाच्या आत तांबं नाही. शिवाय कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) असल्यामुळे ट्यूब खाली लोंबतात आणि गरम हवा सरळ बोर्डाकडे चढते. रोज तापणं-निवणं, वर स्पीकरची थरथर. एका ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर खेचतो. जोडाचा रोध ०.१ ओहम जरी झाला, तरी त्या एका टिंबावर ०.२२ वॅट उष्णता. जोड तापतो म्हणून सैल होतो, सैल होतो म्हणून आणखी तापतो.

पीसीबी वाईट आणि हातची वायरिंग चांगली, हे मला सरसकट पटत नाही. ट्यूब ओढताना भार कोण घेतं, एवढंच मी बघतो. म्हणून १२एएक्स७ चे (सिग्नल आधी वाढवणाऱ्या छोट्या ट्यूबचे) तिन्ही सॉकेट बोर्डावरच ठेवले. त्या हलक्या, तापतातही कमी. जुनं सोल्डर शोषून नवं भरलं, बास. अर्धवट काम म्हणायचं तर म्हणा.

ईएल३४ चे दोन्ही सॉकेट मात्र कापून काढले. एकावर पिन २ (हीटर) आणि ३ (प्लेट, उच्च व्होल्टची) यांच्या मध्ये काळी रेघ होती, ठिणगीने जळालेली. मीटर तिथे काहीच दाखवत नव्हता, पण उच्च व्होल्टला ती रेघ वाट देते. तो सॉकेट खरवडून वाचवण्यात अर्थ नव्हता. आता सिरॅमिक बसवलेत, चॅसीला एम३ स्क्रू आणि दातेरी वॉशर लावून.

पहिला सॉकेट बसवताना खाच भलतीकडे आली. ग्रिडची (सिग्नल ट्यूबमध्ये येतो ती) वायर प्लेटच्या (वाढलेला सिग्नल बाहेर जातो त्या) वायरला घासून जात होती. तशीच ठेवली असती तर अ‍ॅम्प शिट्ट्या मारत बसला असता. काढून फिरवला. ग्रिडचा रेझिस्टर थेट पिन ५ वर झाळला. स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा, पिन ४) १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पिन ४ आणि ६ मध्ये, कारण ईएल३४ ला पिन ६ आतून जोडलेली नसते, म्हणून ती नुसता टेकू म्हणून वापरता येते. झाळताना सॉकेटमध्ये जुनी बाद ट्यूब खोचून ठेवली, म्हणजे आतले संपर्क वाकडे राहत नाहीत. बोर्डाकडे जाणाऱ्या वायरींना थोडी ढील दिली. हीटरची पिळलेली जोडी आता ट्रान्सफॉर्मरवरून थेट या सॉकेटांना येते. बोर्डाच्या पट्टीवरून आधी ३.९ अँपिअर जायचे, आता तीन १२एएक्स७ चे ०.९ उरलेत.

काल दोन तास सलग वाजवला. चुरचुर नाही, काडीच्या टिचक्यांनाही दाद नाही. बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी) थंड बाजूला, म्हणजे प्रवाह कमी राहील असा, ठेवलाय. पहिल्या १२एएक्स७ ला बोट लावलं तर अजून किंचित करकरतं. तिथे संपर्क ढिले वाटतात. ते सुईने आवळायचं काम पुढच्या रविवारी.