तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्ट बघता की नटबोल्ट?

रबाळ्याला कारखान्यात आणि ठाण्याला घरी, दोन्हीकडे मला हा प्रश्न विचारला जातो: सिनेमा बघताना तुम्ही गोष्ट बघता की यंत्रांचे नटबोल्ट? विषय बहुतेक वेळा ‘दास बोट’ या सिनेमाचा असतो, कारण भेटेल त्याला तो बघायला लावायची मला सवयच आहे.

उत्तर असं, की या सिनेमात नटबोल्ट हीच गोष्ट आहे. वोल्फगांग पीटरसनचा हा १९८१ चा जर्मन सिनेमा, दुसऱ्या महायुद्धातल्या एका पाणबुडीचा. म्युनिकच्या स्टुडिओत पाणबुडीचा आतला भाग खऱ्या मापाचा उभारला आणि हायड्रॉलिक यंत्रणेवर बसवला. बोट बुडी मारते तेव्हा अख्खा सेट तिरका होतो. पोरं पाइपाला धरतात तो अभिनय नाही. धरलं नाही तर पडतील. कॅमेरामन योस्ट वाकानो जायरोस्कोप (कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) लावलेला छोटा कॅमेरा हातात घेऊन, डोक्यावर हेल्मेट घालून, त्या अरुंद गोल दारांतून त्यांच्यामागे पळालाय.

पण माझा जीव अडकतो तो आवाजात. पाण्यावर असताना डिझेल इंजिनांची धडधड. खाली गेलं की डिझेल बंद, कारण त्याला हवा लागते. मग बॅटरीवरच्या मोटारींची बारीक घरघर. शत्रूचं जहाज डोक्यावर आलं की माणसं कुजबुजायला लागतात आणि बाहेरून सोनारची, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची, ‘टिंग’ येऊन पत्र्यावर आदळते. खोली वाढते तसा पत्रा कण्हतो. दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. जिब्राल्टरच्या प्रसंगात बोट २८० मीटरवर तळाला टेकते, म्हणजे नखाएवढ्या जागेवर २८ किलो! हे गणित सिनेमात कुणी मांडत नाही. गेजचा काटा सरकतो, बोल्ट निखळून उडतात, बस्स.

आमच्याकडे कारखान्यात प्रेशर व्हेसलची, म्हणजे आतून दाब सोसणाऱ्या टाकीची, हायड्रो टेस्ट असते. पाणी भरून दाब चढवला, पंप थांबवला, की सगळे गेजकडे बघत उभे. वर्कशॉपमध्ये कुणी बोलत नाही. एखाद्या फ्लँजमधून (बोल्ट लावलेल्या जोडातून) ‘स्स्’ झालं तर जुना फिटर काटा हलायच्या आधी तिकडे वळलेला असतो. पीटरसनच्या नटांच्या माना अगदी तशाच वळतात. दाबाखालच्या लोखंडाजवळ माणूस कसा उभा राहतो, हे त्या लोकांनी नीट बघितलंय, आणि म्हणूनच तिथली भीती मला खरी वाटते.

सिनेमात योहान म्हणून मेकॅनिक आहे, इंजिनांवर जीव असलेला. एका हल्ल्यात तो कोलमडतो, आपली जागा सोडतो. पुढे तळाशी अडकल्यावर गळती बंद करायला तोच पाण्यात लोळून झटतो. त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर मला फार आवडेल.

बघणार असाल तर १९९७ ची साडेतीन तासांची आवृत्ती घ्या, तीही मूळ जर्मन. तिचं ध्वनिकाम नव्याने केलंय. मोबाइलच्या स्पीकरवर तेवढं बघू नका. आमच्याकडे घोडबंदर रोडची रहदारी घरात ऐकू येते, त्यामुळे मी हेडफोनच लावतो.